खाऱ्या वाऱ्यात जीआयचा सायलेन्सर? नको हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत नायट्रोवर चालणाऱ्या रिमोट गाड्यांवर अर्धं पान आलं होतं. वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडे अजून रिमोटची गाडी म्हटली की लोकांना जत्रेत मिळणारी सेलवाली गाडी आठवते, आणि ही खऱ्या इंजिनाची, धूर सोडणारी, चुकून हात लागला तर चटका देणारी गाडी असते हे सांगूनही कोणाला पटत नाही. पण लेखाच्या खाली जी चौकट होती, सायलेन्सर घरच्या घरी कसा बनवायचा त्याची, ती वाचली आणि माझा चहा तसाच गार झाला. पाइप तुटला तर अर्ध्या इंची जीआयच्या, म्हणजे नळकामातल्या जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाच्या, तुकड्याला वेल्डिंग मारून नवा करून घ्या, हे एक. आणि स्टेनलेसचा घेतला की गंजायचा प्रश्नच मिटला, हे दुसरं. पहिलं म्हणजे पोरांच्या जिवाशी खेळ आहे आणि दुसरं निदान आमच्या किनाऱ्यावर तरी खोटं आहे, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण जीआयचं तेवढं कापू नका.

मी कोण म्हणाल तर बंदरावर तीस-बत्तीस वर्षं होड्यांची इंजिनं खोलली आणि बांधली, गुडघे गेले तसा आता घरच्याच गॅरेजात बसून लोकांचे पंप नि मिक्सर दुरुस्त करतो. या गाड्यांचं वेड माझं नाही, भाच्याचं. त्याने दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका मुलाकडून जुनी बग्गी आणली, एकास आठ मापाची, साडेतीन किलोच्या आसपास वजन आणि त्यात साडेतीन सीसीचं इंजिन, मुठीत मावेल एवढं. आणली तेव्हा म्हणाला मामा जरा बघ ना, स्टार्टच होत नाही. बघायला बसलो तो आजपर्यंत बसलोच आहे.

इंजिन टू-स्ट्रोक. स्पार्क प्लग नाही, ग्लो प्लग असतो, त्यातली प्लॅटिनमची तार एकदा बॅटरीने तापवली की पुढे मिथेनॉलच्या वाफेशी प्लॅटिनमची जी क्रिया होते तिने आणि आतल्या जाळाने आपली आपण लाल राहते. इंधन म्हणजे मिथेनॉल, त्यात दहा-वीस-तीस टक्के नायट्रोमिथेन, आणि वंगणाचं तेल त्यातच मिसळलेलं. काही डब्यांत चक्क एरंडेल असतं, त्यामुळे गाडी समोरून गेली की मागे जो वास रेंगाळतो तो मला लहानपणी सकाळी नाक दाबून पाजलेल्या चमच्याची आठवण देतो, भाच्याला मात्र तो अत्तरासारखा वाटतो.

आता सायलेन्सर. हा शब्दच इथे घोटाळा करतो. आपण सायलेन्सर म्हणतो म्हणून वाटतं आवाज कमी करायचं नळकांडं आहे, भोक असलेलं काहीही लावलं तरी चालेल. तुमच्या चौकट लिहिणाऱ्याचंही तेच झालंय. टू-स्ट्रोकचा पाइप हा इंजिनाचाच भाग असतो. आधी बारीक, मग फुगत जातो, मग पुन्हा निमुळता होतो, आणि शेवटी एक बारकी नळी. पिस्टन खाली येताना एक्झॉस्टचं भोक उघडतं, जळका गॅस बाहेर झेपावतो आणि त्याच्याबरोबर दाबाची एक लाट पाइपातून पुढे धावते, ती पुढच्या निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि बाहेर सांडू पाहणारं ताजं मिश्रण भोक बंद व्हायच्या आत ढकलून परत सिलिंडरमध्ये घालते. हिशोब करून बघा. इंजिन ३०,००० आरपीएमला फिरतं तेव्हा एक फेरा २ मिलिसेकंदात होतो, त्यातला साधारण निम्मा वेळ एक्झॉस्ट उघडा, म्हणजे १ मिलिसेकंद. तापलेल्या गॅसमध्ये लाट सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास जाते, म्हणजे एवढ्या वेळात अर्धा मीटर, पाव मीटर जायला आणि पाव मीटर यायला. या पाइपांची लांबी वीतभर का असते ते कळलं? हे गणित १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वाल्टर काडेन नावाच्या इंजिनिअरने मोटरसायकलींवर घासूनपुसून बसवलं, आणि १९६१ मध्ये त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पळून पश्चिमेकडे गेला आणि जाताना ती विद्या सुझुकीकडे घेऊन गेला. आपल्याकडे १९८५ मध्ये आलेल्या आरएक्स हंड्रेडचा तो आवाज, ज्यावर आमच्या वयाचे अजून जीव टाकतात, तोही असल्याच फुगीर पाइपाचा. तर अशा वस्तूच्या जागी अर्ध्या इंची सरळ नळाचा तुकडा लावला तर इंजिन चालेल कदाचित, पण पळणार नाही.

बरं, लाटेचा वेग गॅस किती गरम आहे त्यावर ठरतो, आणि गॅस किती गरम राहील ते पाइप कशाचा आहे त्यावर. धातूचा संबंध इथे येतो. ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने पसरवतं नि बाहेर टाकतं, स्टेनलेस ती धरून ठेवतं, दोघांत उष्णता वाहून न्यायचा फरक दहापटीच्या घरात आहे. ॲल्युमिनियमची पळी उकळत्या पेजेत ठेवली तर दोन मिनिटांत दांडी धरवत नाही आणि स्टीलचा चमचा बराच वेळ धरता येतो, तेच. हवेचं साधं सूत्र लावलं तर ३०० अंशांना लाट सेकंदाला ४८० मीटर जाते आणि ४०० अंशांना ५२०. म्हणजे त्याच लांबीचा, त्याच आकाराचा पाइप स्टेनलेसचा केला तर आतला गॅस जास्त गरम राहतो, लाट लवकर परत येते आणि पाइप जरा आखूड असल्यासारखा वागतो. भाच्याने हे न ऐकता एकदा कोणाचा तरी स्टीलचा पाइप बदलून लावला आणि दुपारभर कार्बोरेटरची, इंधन कमी-जास्त करायची, सुई फिरवत बसला. दोष सुईचा नव्हताच.

आता मुख्य मुद्दा, खारा वारा. पुण्या-मुंबईची मुलं पाइप निवडताना वजन बघतात आणि चकाकी बघतात, त्यांचं बरोबर आहे. ॲल्युमिनियम स्टीलच्या तुलनेत एक तृतीयांश वजनाचं, ८० ग्रॅमचा पाइप त्याच जाडीच्या स्टीलमध्ये केला तर २३० च्या पुढे जातो, आणि हे वजन गाडीच्या एका बाजूला, वर लटकलेलं. म्हणून बाजारात मिळणारे बहुतेक पाइप ॲल्युमिनियमचे. आमच्याकडे मात्र आधी विचारायचं ते हे की दोन पावसाळ्यांनी यातलं काय उरेल. इथे खिडकीच्या लोखंडी गजाला दर दिवाळीला रेड ऑक्साइड मारावं लागतं, सायकलची चेन महिन्यात तांबडी होते, आणि ॲल्युमिनियमच्या टोपात कोकमाचं आगळ ठेवलं तर घरातली बाई आधी तुम्हाला घराबाहेर काढील आणि मग आगळ. कारण तिला माहीत असतं की आंबट आणि खारट मिळून त्या टोपाचं काय करतात.

आमच्या बाबतीत झालं असं. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गाडी मध्येच गरम व्हायला लागली. सकाळी नीट, आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, नेऊन दहा मिनिटं चालवली की आवाज पातळ होतो, तीक्ष्ण होतो, धूर जवळजवळ दिसेनासा होतो आणि मग इंजिन बंद. धूर दिसत नाही म्हणजे इंधन कमी पडतंय, म्हणजेच तेलही कमी पडतंय, एवढं मला कळत होतं. सुई मोकळी केली, टाकीची नळी बदलली, फिल्टर बदलला. भाचा म्हणाला मामा प्लग गेला असेल, प्लग बदलला. तिसऱ्या रविवारी इंजिन जे अडकलं ते सुटलंच नाही, पिस्टन आणि स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, दोन्ही गेली.

मग डोकं चाललं. या गाड्यांत टाकीतलं इंधन कार्बोरेटरपर्यंत ढकलायला पंप नसतो. पाइपावर एक बारकं निपल असतं, तिथून एक सिलिकॉनची नळी टाकीला जाते, आणि पाइपातलाच दाब टाकीवर बसून इंधन पुढे सारतो. म्हणजे पाइपाला कुठे भोक पडलं तर टाकीवरचा दाब उतरतो आणि इंजिनाचा घास कमी होतो. पाइप काढला, मागची नळी अंगठ्याने दाबून धरली, पुढचं तोंड सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने बांधलं, बादलीत बुडवला आणि भाच्याला निपलमधून फुंकायला सांगितलं. पंक्चरवाला करतो तेच. वर कुठेच काही नाही. आणि मग पट्टीखालून, जिथे पाइप गाडीला धरून ठेवणारी स्टीलची पट्टी बसते तिथून, सुईच्या टोकाएवढ्या जागेतून बुडबुड्यांची माळ निघाली. पट्टी काढली तर खाली पांढरी भुकटी, ओल्या खडूसारखी, ती नखाने खरवडली तसं नख आत गेलं.

चूक माझीच. मूळची पट्टी ॲल्युमिनियमची होती, ती वाकली म्हणून मी स्टेनलेसची करून दिली होती, बोल्टही स्टेनलेसचाच, आणि कॉलर ताठ करून सांगितलं होतं की आता आयुष्यात बघायला नको. आयुष्यभर बोटींच्या बुडाला जस्ताचे ठोकळे बसवले, ते कशासाठी तर दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की त्यातला एक धातू झिजतो आणि दुसरा वाचतो, म्हणून जस्त बळी द्यायचं नि बोटीचा पंखा वाचवायचा. इथे जस्त नव्हतं, बळी गेला ॲल्युमिनियमचा पाइप. बंदरावर आमच्याबरोबर एक वेल्डर आहेत, मूळचे मालवणचे, त्यांना तो पाइप नेऊन दाखवला तर हातात उलटा-सुलटा करून हसले आणि म्हणाले, "होडयेक झिंक लावतस आणि पोराच्या गाडयेक इसारलंस? ह्या खाऱ्या वाऱ्यात काय टिकणा नाय रे." यावर काय बोलणार.

तेव्हापासून आमचा नियम, ॲल्युमिनियमच्या पाइपाला धातूची पट्टी थेट लावायची नाही. मध्ये सिलिकॉनच्या नळीचा उभा चिरलेला तुकडा, बोल्टाच्या आट्यांना ग्रीस, आणि महिन्यातून एकदा पट्टी सोडवून खाली बघायचं. बाजारातल्या चांगल्या पाइपांवर ॲनोडाइझचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्याच ऑक्साइडचा, कडक थर असतो तो मदत करतो, पण खडी उडून ओरखडा गेला की त्या ओरखड्यातून मीठ आत शिरतं आणि वरून चकाचक दिसत असताना आतून दात किडावा तसं पोखरतं. ॲल्युमिनियमला एक आणखी शत्रू घरातच असतो, कॉस्टिक सोडा. जळलेल्या तेलाचा तपकिरी थर काढायला म्हणून मोरी तुंबल्यावर टाकायची पावडर कोणी पाइपात घालू नका, ती फसफसून धातूच खाते आणि वर हायड्रोजन सोडते. त्यापेक्षा गाडीच्या रेडिएटरचं कूलंट जुन्या डब्यात मंद गरम करून त्यात भिजत ठेवा, उघड्यावर, आणि तो डबा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका कारण कूलंट विषारी असतं.

आता जीआय. हे जरा सविस्तर सांगतो कारण तुमच्या चौकटीमुळे एखादं पोर आजच दुपारी हे करत असेल. पाइपाला भोक पडलं, इंजिन गेलं, नवीन पाइपाला महिना लागणार, तेव्हा आमच्या भाच्यानेही हीच शक्कल काढली. बाथरूमच्या कामातला जीआयचा तुकडा उरलेला होता. मी दुपारी झोपलेला, त्याने आणि त्याच्या मित्राने गॅरेजातला गॅसचा सेट काढला, बाहेर पाऊस होता म्हणून शटर खाली ओढलं, आणि पितळेची कांडी घेऊन ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून सांधा जोडायला, बसले. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि ९०७ ला उकळतं, गॅसच्या ज्योतीपुढे त्याची काय कथा. पितळेच्या कांडीतही जस्तच. पांढरा धूर होतो, कापसाच्या पिंजलेल्या तंतूंसारखा हवेत तरंगतो, तो या दोघांनी बंद खोलीत तासभर ओढला.

संध्याकाळी भाचा म्हणाला पाणी गोडसर लागतंय. रात्री जेवला नाही. दहाच्या सुमारास हुडहुडी भरली, दोन चादरी घातल्या तरी दात वाजत होते, अंग मोडून आलेलं, छातीत आवळल्यासारखं, खोकला. पावसाळ्यात आमच्याकडे असा ताप म्हटला की पहिलं डोक्यात लेप्टो येतो, त्यात तो आदल्याच दिवशी शेतात चिखलात उतरलेला, बहिणीने रडायचंच बाकी ठेवलं. डॉक्टरांकडे नेला, त्यांनी रक्त घेतलं आणि मग सहज विचारलं आज दिवसभर काय करत होतास. त्याने वेल्डिंग सांगितल्यावर ते लगेच म्हणाले कशावर? जीआयवर? याला धातूच्या धुराचा ताप म्हणतात, जुन्या वेल्डर लोकांना विचारा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उठून मासे मागायला लागला. मित्राला नुसता खोकला झाला. हा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, पण धूर जास्त गेला किंवा आधीच दम्याचा त्रास असला तर काय, आणि वेल्डिंग शिकलेला माणूस निदान दार उघडं ठेवतो, पेपर वाचून बसलेला पोरगा ठेवेलच असं नाही. शिवाय एवढं करून बनवलेला पाइप टिकत नाहीच. जस्ताचा थर २०० अंशांच्या वर फार काळ राहिला की सुटायला लागतो, आणि इंजिनाच्या तोंडाशी गॅस त्याच्या कितीतरी वर असतो. म्हणजे मुलामा पापुद्र्यांनी गळणार, खाली उघडं लोखंड, आणि ते एका पावसात तांबडं.

काही जण पीव्हीसीचंही सुचवतात म्हणून एका वाक्यात, पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि जळला की हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ सोडतो, विषय संपला.

स्टेनलेसबद्दल. स्टेनलेस हे आडनाव आहे हो, त्या घरात माणसं बरीच आहेत. दुकानात "एसएस आहे, गंजणार नाही" म्हणून जे दिलं जातं त्यात बऱ्याचदा २०२ नंबरचं असतं, निकेल कमी आणि मँगनीज जास्त, स्वस्त. आमच्या समुद्राकडच्या रस्त्यावरची कुठलीही नवी बंगली बघा, गॅलरीचं रेलिंग पहिल्या वर्षी चमकतं आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यावर चहाच्या ओघळासारखे तपकिरी डाग. लोक म्हणतात लोहचुंबक लावून बघा, चिकटला नाही म्हणजे अस्सल. पण २०२ ला चुंबक चिकटत नाही, ३०४ लाही नाही, मग कळणार काय? उलट मोटारींच्या सायलेन्सरात वापरतात त्या ४०९ ला चुंबक चिकटतो आणि ते त्या कामाला चांगलं असतं. फरक ओळखायला थेंब टाकायचं द्रावण मिळतं, फॅब्रिकेशनवाल्यांकडे असतं, त्यांच्याकडून तपासून घ्या. ३०४ बरं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहत असाल तर ३१६, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाने पडणारे खड्डे त्याने बरेच रोखले जातात. ३१६ कुठे शोधायचं म्हणाल तर केमिकल कारखान्यांचं पायपिंग करणाऱ्या फॅब्रिकेटरांकडे. आमच्या जिल्ह्यात लोट्याला एवढे केमिकल कारखाने आहेत, तिथलं काम करणाऱ्यांकडे कटिंगचे तुकडे पडलेले असतात आणि चांगलं बोललं तर वजनावर देतात.

पण वेल्डिंग आरगॉनवर, म्हणजे सांध्यापासून हवा दूर ठेवणाऱ्या गॅसवर, करून घ्या, आणि करणाऱ्याला आवर्जून सांगा की पाइपाच्या आतूनही आरगॉन सोड. नुसतं बाहेरून केलं तर बाहेर मोत्यासारखी शिलाई दिसते आणि आत काळा, रवाळ, जळक्या साखरेसारखा थर होतो, तिथूनच पुढे गंज धरतो, आणि रवे सुटून आतली वाट खडबडीत होते ती वेगळीच. आमच्या मालवणच्या वेल्डरनी पहिल्या वेळी हे केलं नव्हतं, पाइप कापून दाखवला तेव्हा मान हलवली आणि दुसरा फुकट करून दिला. स्टेनलेस मजबूत असल्यामुळे पत्रा पातळ घेता येतो, अर्धा मिलिमीटर चालतो, म्हणून वजनाचं गणित वाटतं तेवढं वाईट होत नाही.

साधं लोखंड, म्हणजे एमएस, त्याबद्दल काय लिहायचं, क्रोम केलेलं असलं तरी क्रोमच्या बारीक भेगांतून खारं पाणी आत जातंच. पितळ दिसायला छान आणि जोडायला सोपं, जुने हौशी लोक वापरायचे, पण ते स्टीलपेक्षाही जड. आणि कृपा करून रेडिओ दुरुस्तीचं साधं सोल्डर वापरू नका, शिसं-कथलाचं ते सोल्डर १९० अंशांच्या आत पाणी होतं, पहिल्याच फेरीत पाइप रस्त्यावर. चांदीचं सोल्डर घ्या आणि कॅडमियम नसलेलं घ्या, कॅडमियमचा धूर जस्ताच्या धुरासारखा एका रात्रीत माफ करणारा नसतो.

टायटॅनियमचं मला जरा हसू येतं. भाच्याच्या मोबाइलवर सगळे परदेशी लोक निळ्या-जांभळ्या झळाळीचे टायटॅनियमचे पाइप दाखवतात. धातू म्हणून तो राजा आहे, वजन स्टीलच्या निम्म्यापेक्षा थोडं जास्त, वितळायला १६६८ अंश लागतात, आणि समुद्राचं पाणी त्याचं काहीही करू शकत नाही, इथल्या हवेला यापेक्षा चांगलं काही नाहीच. आणि गंमत अशी की त्याचा कच्चा माल आमच्या पायाखाली आहे. आमच्या रत्नागिरीजवळच्या काळबादेवी, मिऱ्या या बाजूला पुळणीवर जी काळी वाळू दिसते, पाय घासला की चमचमते, त्यात इल्मेनाइट आहे, लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज. जगातल्या इल्मेनाइटचा मोठा भाग पांढरा रंग बनवायला जातो, धातू काढणं फार खर्चाचं. आम्ही त्या वाळूवर बसून भेळ खातो आणि टायटॅनियमच्या वीतभर पाइपासाठी परदेशी पार्सलची वाट बघतो. आणि आला तरी तुटल्यावर इथे कोणी जोडणार नाही, कारण टायटॅनियम लाल तापलं की हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन पिऊन काचेसारखं ठिसूळ होतं, त्याला आतून-बाहेरून, मागून-पुढून आरगॉनची चादर लागते आणि ती थंड होईपर्यंत काढायची नाही. आमच्या बंदरावर एवढी चैन नाही. जी वस्तू पाच मैलांत दुरुस्त होत नाही ती मी पोराला घेऊ देत नाही, मग ती कितीही भारी असो.

आमच्या गाडीला आत्ता काय आहे ते सांगतो. इंजिनाला चिकटून जो वाकडा बेंड असतो, जिथे आच सगळ्यात जास्त आणि धक्काही सगळ्यात जास्त, तो ३१६ चा. पुढचा फुगीर पाइप बाजारातला ॲल्युमिनियमचा, ॲनोडाइझ केलेला. दोन्हींच्या मध्ये सिलिकॉनचा कपलर (जोडनळी), म्हणजे दोन धातू एकमेकांना लागतच नाहीत. कपलरच्या आत दोन्ही तोंडं जवळजवळ टेकतील एवढी आणायची, मध्ये फट राहिली तर गरम गॅस थेट सिलिकॉनवर जातो आणि ते जळून भोक पडतं, आणि भोक पडलं की पुन्हा ती दाबाची रड. स्पर्धेला जायचं असेल तर मात्र नियम आधी वाचा, युरोपच्या एफ्रा संस्थेने मान्य केलेल्या पाइपांवर नंबर कोरलेला असतो आणि बऱ्याच ठिकाणी तोच मागतात, तिथे माझ्या गॅरेजातलं काही चालणार नाही.

आणि धुणं. गाडी चालवून आली, पाइप हाताला गार लागला की बाहेरून गोड्या पाण्याने धुवायचा आणि पुसायचा. इथे एक मेख आहे, मे महिन्यात किनाऱ्यावरच्या कित्येक विहिरी मचूळ होतात, त्याच पाण्याने पाइप धुतला तर धुतला कशाला? आम्ही पागोळीचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवतो. आतली बाजू वेगळी. नायट्रोमिथेन जळल्यावर थोडं आम्ल तयार होतं, ते तेलात मिसळून पाइपात तपकिरी रस होऊन साचतं, म्हणून टाकी रिकामी करायची, उरलेलं इंधन इंजिनातच जाळून संपवायचं, इंजिनात दोन थेंब तेल सोडायचं आणि पाइप काढून तोंड खाली करून खुंटीला टांगायचा. खाली वाटी ठेवा, नाहीतर आईचा ओरडा ठरलेला. इंधनाचा डबा घट्ट बंद, कारण मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि आमच्या जून-जुलैच्या हवेत ओलाव्याला काय तोटा. ते विषारी आहे आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसतच नाही हेही तुमच्या लेखात यायला हवं होतं.

एक जरा वेगळं. लेखाबरोबरचा फोटो पुळणीवरचा आहे, गाडी लाटांच्या फेसातून उडतेय. फोटो झकास आहे, पण खारं पाणी तापलेल्या पाइपावर उडालं की मिठाचा थर तिथेच भाजला जातो, एका संध्याकाळच्या फोटोने पाइपाचं वर्ष कमी होतं. आणि थंडीत आमच्या काही किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात, वेळासला लोक रात्र-रात्र राखण करतात, तिथे असली धडधड नकोच. आम्ही सड्यावर चालवतो, कातळशिल्पं नसलेल्या भागात, आणि दुपारी दोन ते चार नाही, कारण वाडीत म्हातारी माणसं झोपलेली असतात आणि त्यांचे हात अजून चांगले चालतात.

तर संपादकसाहेब, बाकीचं पत्र छापा न छापा, जीआयच्या त्या चौकटीची दुरुस्ती मात्र येत्या रविवारची वाट न बघता उद्या-परवाच्या अंकात दोन ओळींत येऊ द्या. दोन ओळी पुरेत: जीआयच्या पाइपाला वेल्डिंग किंवा ब्रेझिंग करू नये, केलं असेल आणि थंडी वाजून ताप आला असेल तर डॉक्टरांना धुराचं सांगावं.

आपला,
पहिल्या पानापासून पंचांगापर्यंत पेपर वाचणारा एक वाचक,
रत्नागिरी

ता. क. : भाचा आत्ताच डोकावून विचारून गेला की पत्र छापून आलं तर गाडीचा फोटो येईल का. त्याला म्हटलं आधी पट्टी सोडवून बघ, महिना झाला.